बेस गिटार: तारा बदलल्या, आता सेटअप कुठून सुरू करायचा?

मंद्रसप्तक

चार तारांचा बेस, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), बोल्टने जोडलेला नेक, पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा). निकेलच्या ४५-६५-८०-१०० (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचं वेष्टन असलेल्या, तारा काढून ५२-७३-९५-११० च्या फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीच्या वेष्टनाच्या, चढवल्या आहेत. तेव्हापासून चार भानगडी:

बाराव्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) ई तारेची, म्हणजे सगळ्यात जाड तारेची, उंची २.२ मिमी होती, ती ३.१ झाली. ई तार सुरात आणताना नटपाशी (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) 'टिंग' होतं आणि सूर एकदम उडी मारतो. ए तार मोकळी वाजवली की झणझणते, कुठल्याही फ्रेटवर दाबली की गप्प. आणि ई तार बाराव्या फ्रेटवर ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी लागते.

सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) खाली घेऊन उंची कमी करावी असं वाटतंय, पण आधी विचारलेलं बरं. ट्रस रॉडला (नेकच्या आतली पोलादी सळई) हात लावायचा का? की गेजच (तारांची जाडी) चुकलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाव_आटा

सॅडलला अजिबात हात लावू नका. ते जिथे होते तिथेच आहेत, मग उंची वाढली कशी? नव्या तारांनी नेक जास्त ओढला, त्याला बाक आला, म्हणून. बाकाचं दुखणं सॅडल खाली घेऊन झाकलं तर बाराव्या फ्रेटवर आकडा छान दिसेल आणि पंधराव्याच्या पुढे तारा फ्रेटवर आपटतील.

क्रम असा: आधी तारा नीट बसवणं, मग सूर, मग नेकचा बाक (रिलीफ), नट, ॲक्शन (फ्रेटवरची तारेची उंची), पिकअपची (तारेचं कंपन टिपणारं चुंबक) उंची, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळणं). यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे आकडे बदलते. तुमचे ८ सेंट आत्ता मोजण्यात अर्थ नाही. तार उंच असली की दाबताना जास्त ताणली जाते आणि चढी लागते, त्यातले निम्मे सेंट बाक कमी केल्यावर आपोआप जातील.

बाक मोजायची रीत: बेस वाजवताना धरतो तसा धरा, पाठीवर आडवा टाकून मोजू नका. तारा ज्या सुरात वाजवणार त्याच सुरात हव्यात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोटाने ई तार दाबा. आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायची पातळ पाती) मोजा. फिंगरबोर्डची गोलाई (त्रिज्या) ७.२५ इंच असेल तर ०.३५ मिमी, ९.५ ते १२ इंच असेल तर ०.३० मिमीपासून सुरुवात करा.

फीलर गेज नसेल तर सहा तारांच्या गिटारच्या साध्या, वेष्टन नसलेल्या तारेचा तुकडा घ्या. ०.०१२ इंचाची तार म्हणजे बरोबर ०.३० मिमी. ती फटीत अलगद सरकली आणि बेसची तार हलली नाही, तर झालं.

खर्जवेडा

गेज चुकलेलं नाही, पण निवड जोरकस आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन वाजवायचे त्या जातीचा हा जाड फ्लॅटचा संच. तो धप्प आवाज हवा असेल तर योग्यच, मात्र या तारा बोटांकडून आणि नेककडून काम करून घेतात.

आकड्यांत बघू. ३४ इंचावर ४५-१०० च्या निकेल राउंडचा चारही तारा मिळून ताण साधारण ७५ ते ८० किलोच्या घरात असतो. जाड फ्लॅट त्याच्या बऱ्याच वर जातात. विकत घेतानाच उत्पादकाच्या तक्त्यातले चारही ताण बेरीज करून जुन्या संचाशी ताडून बघावेत. नुसत्या गेजवरून अंदाज चुकतो, कारण गाभा किती जाड आणि वेष्टन किती यावर तारेचं वजन ठरतं.

'फ्लॅट म्हणजे जास्त ताण' हेही सरसकट खरं नाही. थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट घ्या, ४३-५६-७०-१००, लोण्यासारख्या मऊ. ज्यांचा हात हलका त्यांना आवडतात. जोरात ओढणाऱ्याच्या हाताखाली त्याच तारा फ्रेटवर खडखडतात, आणि मग माणूस सेटअपला दोष देत बसतो.

राउंडवाउंडमध्ये मुख्य फरक धातूचा. निकेल चढवलेलं पोलाद मधल्या वाटेचं, बोटाला सौम्य. स्टेनलेस स्टील जास्त झळाळतं, पण खरखरीत, आणि फ्रेट लवकर खातं. शुद्ध निकेल उबदार आणि थोडं मवाळ. १९६६ मध्ये द हू या रॉक बँडच्या जॉन एन्टविसलनी रोटोसाऊंड या तारांच्या कंपनीबरोबर बसून राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या. बेसला पियानोच्या खालच्या पट्टीसारखी जी खणखण आली तिचं मोठं श्रेय त्या तारांना जातं. तोवर बेसवर बहुतेक फ्लॅटच असायच्या.

मधला पर्याय हाफराउंड: वेष्टन गोल तारेचंच, वरून घासून सपाट केलेलं. टेपवाउंडवर नायलॉनची पट्टी असते, ताण बहुधा कमी, पण तार जाड, त्यामुळे नटच्या खाचेत बसत नाही. फ्रेटलेस (फ्रेट नसलेला) बेस असेल तर फ्लॅट किंवा टेप घ्यावी. राउंड फिंगरबोर्डवर करवतीसारखं काम करते.

शंकासूर

वाचनखूण साठवली. दोन उपप्रश्न. अर्धा सूर खाली उतरवून वाजवायचं असेल तर किती जाड घ्यावी? आणि ३० इंची बेसवर ३४ इंचाच्या तारा कापून चालतात का?

खर्जवेडा

ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या आणि स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एवढं एक सूत्र डोक्यात ठेवलं की बाकी गणित तोंडी होतं. अर्धा सूर खाली गेलं की ताण ११ टक्के उतरतो. पूर्ण सूर खाली, म्हणजे ई ची डी केली, की २१ टक्के. अर्ध्या सुरासाठी एक पायरी जाड संच पुरतो, १०० ऐवजी १०५. एकट्या ई ला डी करायची असेल तर ११० ची सुटी तार घ्यावी, सगळा संच बदलायची गरज नाही.

नेहमीच्या ई-ए-डी-जी ऐवजी बी-ई-ए-डी लावायचं असेल तर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार घ्या, १३०-१०५-८५-६५ असं काहीतरी. मग नटच्या चारही खाचा रुंद कराव्या लागतात, परतीचा रस्ता म्हणजे नवा नट.

स्केलचंही तसंच. ३४ वरून ३५ इंच झालं की तीच तार त्याच सुरात ६ टक्के जास्त ताणलेली, ३० इंचावर २२ टक्के ढिली. पाच तारांच्या बेसवर बी आवळून वाटावी म्हणून ३५ इंच करतात ते यासाठी.

लांब तार कापून ३० इंचीवर लावू नका. खुंटीजवळ वेष्टन निमुळतं होतं किंवा रेशीम सुरू होतं तो भाग हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात ते टोक) पलीकडे जातो आणि जाड अंगच खुंटीवर वळवावं लागतं. एक तर ते भोकात शिरत नाही, शिरलं तर वेष्टन सुटतं. ब्रिजच्या टोकापासून नटपर्यंत मोजा. तारेचा पूर्ण जाडीचा भाग त्याहून किमान इंचभर जास्त हवा. बेसच्या लाकडी शरीरातून तारा ओवायच्या असतील तर ती लांबीही धरा. आणि फ्लॅट शक्यतो शरीरातून ओवू नयेत. काटकोनात वळली की बाहेरची पट्टी तडकते, काही उत्पादक हे पाकिटावरच छापतात.

मंद्रसप्तक

बाक मोजला. आठव्या फ्रेटवर ०.६५ मिमी. ट्रस रॉडचं तोंड हेडस्टॉककडे, षटकोनी खाच.

पाव_आटा

म्हणजे निदान बरोबर निघालं. ०.३० वर आणायचं.

आधी चावी. सगळी भांडणं इथे होतात. इंच आणि मिलीमीटरच्या चाव्या दिसायला सारख्या असतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, त्यात ४.५ ची चावी जाते, किंचित फिरते, आणि षटकोनाचे कोपरे गोल करून ठेवते. चावी पूर्ण आत जाऊन घट्ट बसली पाहिजे, खुळखुळता कामा नये. सॅडलच्या बारीक स्क्रूंचंही तेच, १/१६ इंचाच्या खाचेत १.५ ची चावी घसरते.

ई आणि ए तारा दोन-तीन सूर उतरवा, नेकवरचा भार हलका होतो. चावी घातली त्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की रॉड आवळतो, नेक सरळ होतो. उलट फिरवली की बाक वाढतो. एका वेळी आठवा भाग, फार तर पाव फेरा. परत सुरात आणा, मोजा. लाकूड लगेच पूर्ण बसत नाही, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजलं तर ०.०५ चा फरक पडलेला दिसतो.

पाव फेऱ्याने काहीच हललं नाही आणि चावी दगडासारखी झाली तर थांबा. जोर केला की आटे जातात किंवा रॉड तुटतो, आणि मग नेक बदलण्यापर्यंत गोष्ट जाते.

शंकासूर

पण ०.३० तरी कशाला? नेक एकदम सरळ ठेवला तर ॲक्शन सगळ्यात खाली मिळेल ना?

खर्जवेडा

सरळ पट्टीवर सरळ तार ठेवली तर ती हलणार कुठे? मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला जोरात हलते तेव्हा मध्यावर तिचा झोका डोळ्यांना दिसतो. त्या झोक्यासाठी नेकला किंचित पोट लागतं. पूर्ण सरळ नेकवर पहिल्या पाच फ्रेटमध्ये खडखडाट होतो, तो घालवायला सॅडल वर घ्यावे लागतात, मग कमावलं काय?

०.१५ पर्यंत खाली जाता येतं, दोन अटींवर: सगळे फ्रेट एका पातळीत घासलेले हवेत आणि हात हलका हवा.

पाव_आटा

या संचावर ०.२५ सुद्धा चालून जाईल, जास्त ताणाची तार कमी झोकते. पण आधी ०.३० वर थांबून वाजवून बघा. कागदावरच्या आकड्याला भुलून चाव्या फिरवत बसू नये.

सुतारपक्षी

'टिंग' म्हणजे तार खाचेत अडकली आहे. १०० साठी कापलेल्या खाचेत ११० कोंबली की ती दोन्ही भिंतींना चिमटून बसते. खुंटी फिरवली की ताण नटच्या मागे साठतो आणि मग तार एकदम घसरते. आधी तार सैल करून खाचेतून उचला आणि बघा: ती खाचेच्या तळाला टेकत होती की भिंतींवरच लटकत होती? लटकत असेल तर पेन्सिलीचं ग्राफाइट लावून काही उपयोग नाही, खाच रुंद करायला हवी.

रुंद करताना फक्त भिंती घासायच्या, तळ नाही. तारेपेक्षा किंचित रुंद गोल कानशीने हेडस्टॉककडे हलका उतार देत चार-पाच घास, मग तार ठेवून बघा. तारेच्या निम्म्याहून जास्त जाडी खाचेत बुडालेली नको. तळ किती खोल हवा त्याची परीक्षा: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेटमध्ये केसाएवढी फट दिसली पाहिजे, वरून टिचकी मारली की अगदी बारीक 'टिक्' यावं. फट मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर चढे लागतात, आणि ते सॅडल कितीही सरकवून दुरुस्त होत नाहीत.

घास जास्त बसला आणि तळ खोल गेला तर हाडाचा भुसा किंवा बेकिंग सोडा खाचेत भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकतात, वाळल्यावर पुन्हा घासतात. चालतं, पण तात्पुरतं.

ए तारेबद्दल. फक्त मोकळी झणझणते, दाबली की गप्प, म्हणजे गडबड नट किंवा त्याच्या मागे. तानपुऱ्याची जवारी जशी घोडीवर तार पसरट टेकल्याने बोलते तसंच इथे नको तिथे होतंय. नट आणि खुंटीच्या मध्ये ए तार बोटाने खाली दाबा आणि मोकळी वाजवा. झणझण थांबली तर तारेला नटवर पुरेसा उतार नाही. थांबली नाही तर खाच खोल आहे किंवा उलट उताराची आहे.

मंद्रसप्तक

बोटाने दाबल्यावर थांबते.

पाव_आटा

मग खुंटीवरचे वेढे बघा. चार खुंट्या एका रांगेत असलेल्या हेडस्टॉकवर डी आणि जी तारांना दाबायला बटण असतं, ए ला बहुतेक नसतं. ई ची खुंटी नटला जवळ, तिला आपसूक कोन मिळतो. ए मधल्या मध्ये अनाथ. तिला तीन तरी वेढे हवेत, आणि तेही वरून खाली उतरणारे, म्हणजे तार खुंटीच्या तळाशी सुटते. तुमचे किती आहेत?

मंद्रसप्तक

दीड. आणि ते खालून वर गेलेत. तार आखूड कापली गेली आहे.

सुतारपक्षी

नवी तार टाकायची गरज नाही बहुधा. पूर्ण सैल करा, टोक खुंटीच्या भोकात तळापर्यंत घाला, पहिला वेढा वर ठेवून दुसरा त्याच्या खाली येईल असं बोटाने दाबत आवळा. दीडच वेढा खाली उतरला तरी ४-५ मिमी मिळतात. त्यानेही भागलं नाही तर ए तारेवरून जाणारी दाबपट्टी मिळते, दोन स्क्रूंवर बसते.

पुढच्या वेळेसाठी: तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंमी ठेवून कापायची, ए ला १४. कापण्याआधी त्या जागी पक्कडीने काटकोनात वाकवायची आणि वाकलेल्या जागेच्या पलीकडे कापायची, नाहीतर वेष्टन गाभ्यावरून सुटून तार मेल्यासारखी वाजते. गोल गाभ्याच्या तारांना हे चुकवून चालतच नाही. वेढे घालताना तारेला पीळ पडू देऊ नका. फ्लॅटला पीळ पडला की ती सुरात लागतच नाही.

चढवून झाल्यावर सॅडलच्या अगदी पुढे आणि नटच्या अगदी पुढे तार अंगठ्याने खाली दाबा. जाड तार सॅडलवरून कमानीसारखी उठते, कोपरा करत नाही. ती कमान राहिली की इंटोनेशन लागत नाही आणि आवाजाला धार येत नाही. दोन सेकंदांचं काम आहे, पण नव्या तारा वाईट वाजतात या तक्रारींपैकी बऱ्याच याच्यात विरघळतात.

शंकासूर

ॲक्शनचे आकडे?

पाव_आटा

सतराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत. ९.५ ते १२ इंच गोलाईला ई २.४ आणि जी २.० मिमी. ७.२५ ला २.८ आणि २.४. ए आणि डी मधल्या आकड्यांवर, गोलाईला धरून. सॅडल १ मिमी हलवलं की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी आणि सतराव्यावर सुमारे ०.६ मिमी फरक पडतो, म्हणजे किती फेरे लागतील ते आधीच काढता येतं. सॅडलच्या दोन्ही पायांचे स्क्रू सारखे, सॅडल तिरका नको.

सॅडल तळाला टेकले तरी ॲक्शन उंचच असेल तर नेकच्या खोबणीत, ब्रिजकडच्या कडेला ०.२५ मिमीची पातळ पट्टी घालतात. नेकचा कोन मागे झुकतो, आणि सॅडलला पुन्हा वर-खाली जागा मिळते.

सुतारपक्षी

खडखड कुठे येते त्यावरून रोग ओळखा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर, तर बाक कमी. बाराव्याच्या पुढे, तर ॲक्शन कमी किंवा बाक जास्त. एकाच फ्रेटवर, तर त्याच्या पुढचा फ्रेट उठला आहे. तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवा, डुगडुगली तर मधला उंच. आणि ॲम्पमधून ऐकू येत नसेल, नुसती लाकडावर ऐकू येत असेल, तर सोडून द्या. बेसवर तेवढी चालते.

खर्जवेडा

पिकअप: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ई कडे ३.२, जी कडे २.४ मिमी ही सुरुवात. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो. ई तारेवर वरच्या फ्रेटवर सूर लहरत राहतो, ट्यूनरची सुई स्थिर होत नाही, आणि लोक इंटोनेशन बिघडलं म्हणून सॅडल सरकवत बसतात. म्हणून पिकअप आधी.

मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर. उतरा असेल तर पुढे. ३४ इंचावर सॅडल १ मिमी सरकलं की साधारण २ सेंटचा फरक पडतो, तेव्हा ६ सेंट चढा म्हणजे ३ मिमी मागे. सरकवण्याआधी तार सैल करायची, नाहीतर ताणाखाली स्क्रूचे आटे झिजतात. सरकवल्यावर परत सूर, परत अंगठ्याने दाबणं, परत मोजणं. २-३ सेंटच्या आत आलं की पुरे. मोकळी ई किंवा बी ट्यूनरला पकडता आली नाही तर नेहमी हार्मोनिक वापरा. ३०.९ हर्ट्झची बी बऱ्याच क्लिपवाल्या ट्यूनरना ऐकूच येत नाही.

आणि हे नव्या तारांवरच करा. जुन्या तारेच्या वेष्टनात घाम आणि मळ असमान साठतो, वजन सगळीकडे सारखं राहत नाही, मग कुठल्याही सॅडलवर ती जुळत नाही.

शंकासूर

जुन्या तारा उकळून पुन्हा लावतात म्हणे?

खर्जवेडा

राउंडच्या बाबतीत मळ निघतो, थोडे दिवस झळाळी येते. नीट वाळवल्या नाहीत तर गाभा आतून गंजतो. स्पिरिटच्या नळीत रात्रभर बुडवणं त्याहून बरं. फ्लॅटच्या वाटेला जाऊ नका, त्या जुन्या झाल्या की लोकांना जास्तच आवडतात.

मंद्रसप्तक

सगळं क्रमाने केलं. ट्रस रॉड आठवा भाग असा तीन वेळा, बाक ०.३०. सतराव्यावर ई २.५, जी २.१, सॅडलला हात लावावाच लागला नाही. ई ची खाच रुंद केली, टिंग गेलं. इंटोनेशन ८ वरून आपोआप ३ सेंटवर आलं होतं, दीड मिमी मागे घेतल्यावर जुळलं. ए चे वेढे खाली उतरवले, तार आता आधीपेक्षा ४ मिमी खालून सुटते. मोकळी ए स्वच्छ वाजते, पण खूप जोरात ओढली की अजून किंचित झण येते.

पाव_आटा

दाबपट्टी बसवा. नटपासून ५-६ सेंमीवर, आणि स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा, नाहीतर हेडस्टॉकला चीर जाईल. तार पट्टीला नुसती टेकली आणि दोन-तीन मिमी खाली गेली की थांबा. त्याहून जास्त दाबलीत तर ए पण टिंग करायला लागेल.